बुजरी कुत्री, रोजचा फेरा आणि 'लीडर व्हा' हा सल्ला

प्रश्न थोडक्यात असा दिसतो: दीड वर्षाची दत्तक घेतलेली देशी कुत्री, घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टपाशी बसकण मारते, गेटबाहेर स्कूटर आली की शेपूट पायांत घालून मागे खेचते. आणि कुणीतरी सांगितलंय, पट्ट्याला झटका द्या, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, म्हणजे ती तुम्हाला लीडर मानेल.

हा सल्ला सोडून द्या. त्यामागची 'अल्फा'ची, म्हणजे इतरांना दाबून कळपाचा म्होरक्या होणाऱ्याची, कल्पना प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली. ते निरीक्षण १९४७ साली प्रसिद्ध झालं होतं. पुढे ती रूढ करण्यात ज्यांचा हात होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, गादीसाठी झगडणारी टोळी नव्हे. शिवाय स्कूटर दिसताक्षणी गळ्याला हिसका बसला, तर स्कूटर आली की दुखतं एवढंच ती शिकेल. तिला हवा असलेला पुढारी म्हणजे, जो तिला भीतीच्या दिशेने ओढत नाही आणि ज्याची पुढची हालचाल तिला आधीच कळते.

आधी सामान. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढतं, आणि देशी कुत्र्याच्या निमुळत्या डोक्यावरून पट्टा सहज निघतो. छातीवर 'वाय' आकार येणारा हार्नेस घ्या, खाली दोन बोटं जातील इतका घट्ट. दहा फुटी साधा पट्टा हार्नेसला, आणि जोडीला एक दोरी गळपट्ट्याला. गळपट्ट्यावर फोन नंबर हवाच. रीळवाला पट्टा नको: हातातून सुटला की प्लास्टिकची मूठ खडखडत मागे येते आणि कुत्री तिलाच घाबरून पळत सुटते.

खिशात उकडलेलं चिकन किंवा पनीर, तुरीच्या दाण्याएवढे चाळीसेक तुकडे. बाहेर बिस्किटावर भागत नाही. तेवढं जेवणातून कमी करा.

आता स्कूटर. कोणत्या अंतरावर ती स्कूटरकडे बघूनही तुकडा खाते, ते शोधा. पन्नास फूट असेल तर पन्नास. वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, कान मागे, पुढचा एक पाय उचलून थिजणं ही भीती वाढण्याआधीची चिन्हं. चिकन नाकारलं म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. वळा आणि लांब जा. स्कूटर दिसली की सेकंदाभरात तुकडा, ती दिसतेय तोवर देत राहा, गेली की बंद. क्रम महत्त्वाचा. तुम्हीच लांबून स्कूटर हेरून आधी खिशात हात घातलात, तर पिशवीची चुरचुर हीच धोक्याची सूचना होऊन बसते. बहुतेकांचं इथेच चुकतं. खाऊ दिल्याने भीतीला शाबासकी मिळते, ही शंका मनातून काढा. भीती ही भावना आहे, लबाडी नव्हे.

लिफ्टचा सराव फेऱ्यापासून वेगळा, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ती पायऱ्या उतरत असेल तर तोवर जिना वापरा. आधी बंद दारापासून दहा फुटांवर खाऊ, मग उघड्या दारासमोर, मग दोन पाय आत आणि लगेच बाहेर. कुणी दार धरून ठेवलं तर पूर्ण आत. शेवटी एकच मजला.

फेरा पहाटे साडेपाच-सहाला, रोज तोच रस्ता, वीस मिनिटं. अंतर मोजू नका. एकाच खांबाशी पाच मिनिटं हुंगली तरी चालेल. पट्टा सैल, 'यू'सारखा लोंबता. वळण्याआधी दरवेळी एकच शब्द, 'चल', आणि मग वळा. अडून बसली तर ओढू नका, कडेवरही घेऊ नका. शेजारी तिरकं उभं राहून थांबा, ती हलली की तिच्या बाजूला चला. गल्लीतली भटकी कुत्री अंगावर आली तर तिच्या आणि त्यांच्यामध्ये या, मूठभर खाऊ त्यांच्याकडे फेका आणि न पळता मागे फिरा.

एखाद्या दिवशी फटाका वाजला, जोरात बिचकली, तर दुसऱ्या दिवशी बाहेर फक्त शी-शूपुरतं. अंगातला ताण लगेच उतरत नाही.

तीन-चार आठवड्यांनीही बाहेर काहीच खात नसेल, तर पशुवैद्याकडे न्या. कान, सांधे, गोचीड ताप तपासून घ्या; दुखणाऱ्या कुत्र्यावर सराव चढत नाही. भीतीवरची औषधंही असतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका.