थकीत कोण, हे आधी ठरव

बेटा,

जुन्या खात्यांवरून शिकून पीककर्ज कोणाला द्यायचं ते सुचवणाऱ्या बँकेच्या मॉडेलमधून जातीचा रकाना काढला, आता भेदभावाचा प्रश्न उरला नाही, असं तू लिहितेस. उरतो. गाव, आडनाव, ओलीत की कोरडवाहू, यांवरून मॉडेल तीच माहिती परत जुळवतं. उरलेल्या रकान्यांवरून जात ओळखणारं एक छोटं मॉडेल चालवून पाहा. त्याला जमलं, तर रकाना काढून काही साधलं नाही. प्रशिक्षणात तो वापरू नको, पण तपासणीसाठी वेगळ्या फाइलीत जपून ठेव. तो फेकलास तर भेदभाव मोजणार कशावरून?

खरी गोम 'थकीत' या रकान्यात आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळकडे गुलाबी बोंडअळीनं कापूस नेला. त्या साली पैसे न भरलेला आणि चांगलं पिकूनही न भरणारा, मॉडेलला दोघं सारखेच. पुनर्गठन झालेलं, म्हणजे मुदत वाढवून हप्ते नव्यानं बांधून दिलेलं खातं कुठे टाकलंस? 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीत बंद झालेली खाती? त्यांना 'फेडलं' म्हण की 'बुडवलं', मॉडेल दोन्ही वेळा चुकीचंच शिकेल. या खात्यांना वेगळे शिक्के दे आणि शाखेतल्या जुन्या माणसाला शेजारी बसवून निदान शंभरेक खाती हातानं तपास. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फायदा इथंच होतो.

चुकीचं माप किती महागात पडतं, ते 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या अभ्यासानं दाखवलं. अमेरिकेत जादा उपचारांची गरज कोणाला, हे एक अल्गोरिदम रुग्णावर होणाऱ्या खर्चावरून ठरवत होतं. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असे, म्हणून ते कमी आजारी ठरले. हा दोष काढला, तर जादा मदतीत त्यांचा वाटा 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असा हिशोब निघाला.

शिवाय तुझ्या डेटात फक्त कर्ज मिळालेलेच आहेत. मक्त्या-बटईनं शेती करणारा किंवा सातबारा सासऱ्याच्या नावावर असलेली बाई, असे लोक सावकाराकडे गेले. त्यांची परतफेड तुझ्याकडे नाहीच. त्यांच्याबद्दल मॉडेल जे सांगेल तो अंदाज समज.

एकूण अचूकतेवर भाळू नको. शंभरात 92 जण फेडत असतील, तर सगळ्यांना 'हो' म्हणणारं मॉडेलही 92 टक्के अचूक. फेडणाऱ्यांपैकी किती जणांना नाकारलं, ते बायका, कोरडवाहूवाले, आदिवासी गावं असं वेगवेगळं काढ. गट लहान असेल तर सांभाळून: 40 जणांत 4 चुका म्हणजे 10 टक्के दिसतात, पण खरं प्रमाण 3 ते 24 मध्ये कुठेही असू शकतं. चाचणीसाठी सुट्या ओळी निवडू नको. अख्खा तालुका आणि एक दुष्काळी साल प्रशिक्षणातून बाजूला ठेव आणि त्यांवर मॉडेल तपास.

अर्ज नाकारला तर कारण मराठीत छाप, नुसतं 'स्कोअर कमी' नको. शाखाधिकाऱ्याला निर्णय फिरवता आला पाहिजे. फिरवलेले अर्ज कारणासकट नोंदव आणि पुढच्या हंगामाआधी तेच पहिले उघड.