हॉलच्या भाड्यात विमा धरलाय, मग वेगळा काढायचा का?

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी ब्रिटनमधल्या लीड्सला निघाली आहे. हॉलच्या, म्हणजे तिथल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या, करारात ‘सामानाचा विमा भाड्यात समाविष्ट’ असं लिहिलंय. तेवढं पुरेल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आधी हॉलकडून विम्याचं प्रमाणपत्र मागवा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. असा सामूहिक विमा मुख्यतः खोलीतली चोरी, आग, पाणी यांच्यासाठी असतो. लॅपटॉपवर चहा सांडला, बसमध्ये फोन गेला, तर मूळ विम्यात ते बहुधा येत नाही. आमच्या मते लॅपटॉप आणि फोन यांच्यापुरतं अपघाती नुकसानीचं आणि खोलीबाहेरचं संरक्षण वाढवून घ्यावं. सगळ्या सामानाची दुसरी पॉलिसी घेऊ नका, हप्ता वाया जातो.

एका वस्तूमागची मर्यादा जरूर बघा. ती १,००० पौंड असेल आणि लॅपटॉप १,४००चा, तर वरचे ४०० तुमचे गेले. एक्सेस, म्हणजे दर क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, ५० पौंड असेल तर १२० पौंडांच्या हेडफोनचे ७०च हाती येतात. सोनं मात्र कोल्हापुरातच राहू द्या. दागिन्यांची मर्यादा फार तोकडी असते.

पुढे ती मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात गेली, तर हॉलचा विमा तिथे संपतो. घरमालकाचा विमा इमारतीचा आणि त्याच्या फर्निचरचा. मुलीच्या सामानाशी त्याचा संबंध नाही. सामायिक घरांसाठी अनेक पॉलिसींत कुलूप किंवा दार फोडल्याच्या खुणा लागतात. किचनमध्ये कुकर लावायला जाताना खोलीचं दार नुसतं ओढून घेतलं आणि तेवढ्यात लॅपटॉप गेला, तर क्लेम फेटाळला जाऊ शकतो. म्हणून पाच मिनिटांसाठी जातानाही कुलूप लावायची सवय हवी.

निघण्यापूर्वी जीएसटी बिलं, लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि फोनचा आयएमईआय (*#०६# डायल केल्यावर दिसतो) ईमेलवर ठेवा. तिथे ‘इमोबिलाइज’ या नोंदवहीत वस्तू मोफत नोंदवता येतात. चोरी झालीच तर १०१ वर पोलिसांना कळवून क्राइम रेफरन्स नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यायचा आणि कंपनीला लगेच सांगायचं. क्लेम नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ८ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा अंतिम उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या लोकपालाकडे, जाता येतं. तिथे फी नाही, पण अंतिम उत्तरानंतर ६ महिन्यांच्या आत जायला हवं.