किडनी ट्रान्सप्लांटनंतर वडिलांना पीएमएल (व्हायरसमुळे होणारा मेंदूचा आजार) असेल म्हणतायत, गोळ्या बंद करू का?

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, हे आधी सांगते. वडिलांचं बोलणं अडखळतंय, हात जड झालाय, ताप नाही असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मामालाही ट्रान्सप्लांटनंतर पीएमएलच झालं होतं, म्हणून लिहितेय.

पीएमएल ज्याच्यामुळे होतो तो जेसी व्हायरस निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतोच, किडनीत वगैरे गप्प पडून राहतो. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या, एचआयव्ही, ब्लड कॅन्सर अशा कशाने प्रतिकारशक्ती खूपच कमी झाली की मग तो मेंदूत मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, बनवणाऱ्या पेशी मारायला लागतो. त्यामुळे वडिलांपासून घरात कुणाला हा आजार होईल ही भीती काढून टाका. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा एक आजार) यावरचं नटालिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आलं आणि २००५ मध्ये ते घेणाऱ्यांना पीएमएल झाल्यामुळे थांबवावं लागलं, नंतर कडक अटींवर परत आलं, त्यामुळे न्यूरोवाले (मेंदूचे डॉक्टर) याबाबतीत फार सावध असतात आणि ते बरंच आहे.

मामाच्या ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायला लागली, मामी म्हणायची चव गेली असेल. मग तो दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायला लागला. कोथरूडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तोच आहे म्हणून सांगितलं पण फील्ड टेस्ट (नजर किती बाजूंना पोचते ती तपासणी) केली तर दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू दिसतच नव्हती, त्यांनीच न्यूरोकडे पाठवलं. एमआरआयमध्ये पांढरे डाग होते, पाठीतल्या पाण्याची पीसीआर (व्हायरस शोधायची टेस्ट) मात्र पहिल्यांदा निगेटिव्ह आली आणि आम्ही सगळे सुटलो म्हणून खूश, पण डॉक्टरांनी परत पाणी काढलं आणि तेव्हा जेसी सापडला. एक निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी विषय संपला असं समजू नका.

या व्हायरसवर खात्रीचं औषध नाही. आपली प्रतिकारशक्ती परत उभी करणं हाच उपाय, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या गोळ्या कमी करायच्या, पण जास्त कमी केल्या तर शरीर किडनी नाकारू शकतं, आणि प्रतिकारशक्ती एकदम परतली की मेंदूला सूजही येऊ शकते. म्हणून किती आणि कधी कमी करायचं हे न्यूरो आणि नेफ्रो (किडनीचे डॉक्टर) दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. तुम्ही मागे लागून त्यांचं फोनवर बोलणं करून द्या, आम्हाला तेच करावं लागलं. मामाचे डाग वाढायचे थांबले, डावी बाजू मात्र अजून दिसत नाही.

हा आजार जिवावरचा आहे, थांबू नका, याच आठवड्यात जा. जाताना जुन्या-नव्या एमआरआयची सीडी घ्या, नुसता कागद नको, आणि वडिलांचं बोलणं-चालणं मोबाईलवर शूट करून ठेवा, ओपीडीत पाच मिनिटांत सगळं सांगता येत नाही.