वाचकांचे प्रश्न : मोठ्या रायफल काडतुसांसाठी प्रेस कोणता घ्यावा?

प्रश्न : माझा मुलगा बऱ्याच वर्षांपासून टेक्सासमध्ये असून आता तो तिथला नागरिक आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीची त्याला हौस आहे आणि .३०८ विंचेस्टरची वापरलेली काडतुसे तो घरीच पुन्हा भरतो. आता त्याने .३३८ लापुआ मॅग्नम रायफल घेतली आहे. त्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या ‘सी’ आकाराच्या फ्रेमचा हलका प्रेस आहे. तो या मोठ्या काडतुसाला पुरेल का, की मित्र सांगतात तसा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हँडलच्या एका ओढीत अनेक टप्पे उरकणारा प्रेस घ्यावा, असे तो मला विचारतो. माझे आयुष्य लेथ-मिलिंगवर गेले, पण काडतुसांतले मला काही कळत नाही. शिवाय अशी फ्रेम आपल्याकडे बिडात ओतून त्याला पाठवता येईल का?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर ती पुढे निस्तरता येणार नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात तयार काडतुसांबरोबरच त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळ्याचे उत्पादन करता येत नाही. म्हणजे आपल्या दृष्टीने जो केवळ एक हातप्रेस आहे, तो कायद्याच्या नजरेत दारूगोळ्यातच मोडू शकतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत असे ओतकाम उत्तम होईल याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही आपण त्याचे पॅटर्नसुद्धा करायला टाकू नये, असे मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. तेव्हा प्रेस मुलाने तिथेच विकत घ्यावा आणि आपण त्याला निवडीत मदत करावी.

ही मदत आपण नक्की करू शकाल, कारण हा प्रश्न मुळात प्रेसच्या फ्रेमचा आहे. गोळी झाडली की दाबाने काडतुसाची पितळेची पुंगळी फुगून रायफलच्या चेंबरच्या भिंतींना टेकते. ती पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते, आणि प्रेसला सर्वाधिक जोर याच कामात लागतो. .३०८ ची पुंगळी सुमारे ५१ मिलिमीटर लांब आणि बुडाशी सुमारे १२ मिलिमीटर जाड असते, तर .३३८ लापुआची ६९ मिलिमीटर लांब आणि जवळजवळ १५ मिलिमीटर जाड. डायला घासणारा पृष्ठभाग दीडपटीहून अधिक वाढतो आणि जोरही त्या मानाने वाढतो. सी फ्रेमचा पॉवर प्रेस भाराखाली तोंड उघडतो आणि मग पंच तिरका उतरू लागतो, हे आपण कामावर अनेकदा पाहिले असेल. इथेही नेमके तेच घडते. त्यामुळे फ्रेम चारही बाजूंनी बंद, म्हणजे ‘ओ’ आकाराची, आणि शक्यतो बिडाची असावी.

आताचा प्रेस किती वाकतो, हे मुलाला स्वतःच पाहता येईल. रॅम (पुंगळी वर ढकलणारा दट्ट्या) पूर्ण वर असताना डाय शेल होल्डरला, म्हणजे पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला, घट्ट टेकेल अशी बसवावी, मग वंगण लावलेली पुंगळी आत दाबून हँडल शेवटपर्यंत न्यावे आणि तसेच धरून डाय व शेल होल्डर यांच्यामधून पलीकडच्या दिव्याकडे पाहावे. रिकाम्या प्रेसमध्ये जिथे अंधार होता, तिथे आता उजेडाची बारीक चीर दिसली, तर प्रेस तेवढा ताणला जात आहे असे समजावे. पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो भाग, मागे सारण्याचे माप साधारण ०.०५ मिलिमीटरचे, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मे असते. चीर प्रत्येक पुंगळीला कमीजास्त झाली की खांद्याचे मापही बदलत राहते : तो कमी सरला तर रायफलचा बोल्ट बंद होत नाही, आणि दर वेळी जास्त सरत गेला तर बुडाजवळचे पितळ ताणून पातळ होते आणि शेवटी पुंगळी तिथेच तुटते. म्हणून मजबूत फ्रेम ही मला चैनीची बाब वाटत नाही; माझ्या मते ती सुरक्षिततेची गरज आहे.

दुसरी गोष्ट खिडकीची, म्हणजे रॅम खाली असताना डायच्या तोंडापर्यंत मिळणाऱ्या मोकळ्या जागेची. जाहिराती वाचताना हिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण मोठ्या काडतुसाला खरी अडचण इथेच येते. .३३८ च्या तयार काडतुसाची लांबी जास्तीत जास्त ९३.५ मिलिमीटर असते. पण गोळी बसवण्यापूर्वी ती पुंगळीच्या तोंडावर नुसती टेकवलेली असते आणि लांब पल्ल्याची जड गोळी स्वतःच ४० मिलिमीटरहून लांब भरते. म्हणजे प्रेसमधून ११० मिलिमीटरच्या आसपास उंचीची जोडी आत न्यायची असते. जागा अपुरी पडली की गोळी तिरकी धरून, बोटे डायच्या तोंडाशी नेऊन ती आत सरकवावी लागते. काम होते खरे, पण गोळी वाकडी बसण्याचा आणि बोट चिमटण्याचा धोका असतो.

या दोन कसोट्यांवर आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर सुप्रीम हा माझ्या मते त्याच्यासाठी पहिला पर्याय आहे. त्याची फ्रेम बिडाची व बंद, रॅम १ इंच व्यासाचा आणि खिडकी जुन्या रॉक चकरपेक्षा मोठी केलेली आहे. रेडिंगच्या अल्ट्रामॅगची खिडकी ४.७५ इंच, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे आणि त्याचा दांडा फ्रेमच्या माथ्याशी जोडलेला असल्याने जोर डायच्या जवळच पेलला जातो. ही मांडणी आपल्यासारख्या माणसाला पाहताक्षणी आवडेल. खर्च आवरायचा असेल, तर ली कंपनीचा क्लासिक कास्ट हलक्यात काढू नये. त्याचा रॅम पोकळ असून उडालेले प्रायमर (दारू पेटवणाऱ्या, पुंगळीच्या बुडातल्या टोप्या) नळीतून थेट खाली पडतात. प्रायमरची राख वाळूसारखी खरखरीत असते. ती रॅमवर साचली की मार्ग घासला जातो, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते.

नेहमीच्या डायना ७/८ इंचाचे, इंचाला १४ आटे असतात आणि .३३८ चे बहुतेक संच याच आट्यात मिळतात. पुढे कधी .५० ब्राउनिंगपर्यंत जायचा विचार असेल, तर त्या डाय १¼ किंवा १½ इंचाच्या, इंचाला १२ आट्यांच्या येतात. क्लासिक कास्टची वरची बुश काढली की त्याला १¼ इंचाची डाय बसते. तसा विचार नसेल, तर केवळ ‘असू द्यावा’ म्हणून मोठ्या आट्याचा प्रेस घेण्यात अर्थ नाही.

प्रोग्रेसिव्ह प्रेस मात्र त्याने घेऊ नये. तासाला शेकडो पिस्तूल काडतुसे भरणाऱ्याला तो योग्यच आहे, पण .३३८ चा नेमबाज दिवसाकाठी मोजकीच काडतुसे झाडतो, आणि या काडतुसात वापरली जाणारी लांब दाण्याची दारू मापातून प्रत्येक वेळी सारखी पडत नाही, ती तराजूवर तोलूनच घालावी लागते. एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर प्रत्येक पुंगळी हातातून जाते आणि तडा गेलेली किंवा दोनदा दारू पडलेली पुंगळी डोळ्यांना दिसते. दारूचे प्रमाण त्याने केवळ प्रकाशित पुस्तिकेतूनच घ्यावे आणि तेही सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करून. त्यात तडजोड नको.

प्रेस ज्या टेबलावर बसेल ते भिंतीला जखडलेले असावे, नाहीतर फ्रेमची सगळी ताकद टेबल हलण्यात वाया जाते. वंगण पुंगळीच्या अंगाला पातळ लावावे, खांद्याला लावू नये. खांद्यावर साचलेल्या वंगणाने पितळेला पोचा पडतो, आणि अंग कोरडे राहिले तर एवढी मोठी पुंगळी डायमध्ये अशी अडकते, की बूड फाटून हातात येते.

प्रश्न : माझी मुलगी ५० मीटर रायफलचा सराव करते. गोळ्यांचा खर्च फार होतो. तिच्या रिकाम्या पुंगळ्या परवाना काढून पुन्हा भरता येतील का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येणार नाहीत, आणि याचे कारण कायद्याच्याही आधी पुंगळीच्या रचनेत आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात वापरतात ते .२२ रिमफायर काडतूस. त्यात वेगळा, बदलता येणारा प्रायमर नसतो. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेच्या आत भरलेले असते आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा पहिल्यासारखी करून तिच्यात मिश्रण भरणे घरी शक्य नाही आणि तसा प्रयत्नही धोक्याचा आहे. खर्च कमी करायचा, तर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली रायफल जखडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहाव्यात, तिच्या नळीला मानवणारा लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवावा आणि रोजच्या सरावाला स्वस्त गोळ्या वापराव्यात.