खान्देशात शाळकरी मुलांच्या वर्तन समस्या आणि व्यसनावर संशोधन: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्रात एम.ए. झालंय, जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करायची आहे, विषय शाळकरी मुलांची वर्तन समस्या आणि व्यसन.

आधी विषय लहान करा. ‘खान्देशातील तरुण आणि व्यसनाधीनता’ आयुष्यभर पुरेल. एक तालुका, आठवी-नववीची मुलं, आणि फक्त तंबाखू, पीएच.डी.ला एवढं पुष्कळ झालं.

किती मुलं? तंबाखूचं प्रमाण अंदाजे 20 टक्के धरलं आणि 5 टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर 4×20×80÷25 म्हणजे 256 (80 म्हणजे उरलेले टक्के, 25 म्हणजे 5 चा वर्ग, आणि 4 हा 95 टक्के खात्रीसाठी सूत्रात धरलेला आकडा). पण एका शाळेतली पोरं एकमेकांसारखी असतात, म्हणून शाळा निवडून नमुना घेताना आकडा साधारण दुप्पट करा. फॉर्म जुलै-ऑगस्टमध्ये भरून घ्या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घरंच्या घरं निघून जातात; जानेवारीत गेलात तर ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तीच मुलं हजेरीपटावर ‘गैरहजर’ दिसतील.

खरी मेख प्रश्नांत आहे. ‘तंबाखू खातोस का?’ विचारलं की ‘नाही’ येतं, कारण मिश्रीला घरात कुणी तंबाखू समजत नाही. ‘सकाळी दात कशाने घासतो?’ असं विचारा. मावा, गुटखा वेगवेगळं विचारा. यादीत अस्तित्वात नसलेल्या नशेचं एक नाव घाला. जो तीही ‘केली’ म्हणेल, त्याचा फॉर्म बाजूला काढा. गुरुजींना वर्गाबाहेर थांबायची विनंती करा. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या दहा-बारा पोरांवर प्रश्नावली आधी तपासून घ्या.

नीतिसमितीची मंजुरी आधी, मग शाळा. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं.

उपाययोजनेकडे वळलात तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन यांचं काम वाचाच. 1999 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की जोखमीच्या पोरांना एकत्र बसवून कार्यक्रम घेतला तर त्यांचं धूम्रपान आणि दांडगाई उलट वाढू शकते. नियम मोडल्याच्या गप्पांना सोबत्यांचं हसू मिळतं, तेच बक्षीस होतं. म्हणून ‘बिघडलेल्या’ मुलांचं वेगळं शिबिर मुळीच नको. आई-बापांसोबत काम करा, आणि बैठक रात्री जेवणानंतर ठेवा. कापूस वेचणी चालू असताना दिवसा कुणी येत नाही.