बेनेडिक्ट निगेटिव्ह आली, पण मला कारण हवं होतं

प्रश्न : मी फलटणजवळच्या गावातली, बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला मिळालेल्या सॅम्पलला मोलिशची जांभळी रिंग आली, म्हणजे कार्बोहायड्रेट होतं, पण रिड्यूसिंग (क्षपणक) शुगर ओळखणारी बेनेडिक्ट टेस्ट निगेटिव्ह. मग मी ते हायड्रोक्लोरिक ॲसिडबरोबर उकळलं, सोड्याने न्यूट्रल केलं आणि परत बेनेडिक्ट केली, तर विटकरी अवक्षेप आला! असलंच काम पुढे करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) कर, लगेच नोकरी लागेल. काय करू?

उत्तर : ‘निगेटिव्ह’ लिहून तू वही मिटली नाहीस, याचा मला फार आनंद झाला. तुझं सॅम्पल सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, असावं. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात ते नेमके आपापल्या क्षपणक टोकांनी, म्हणजे कॉपरशी अभिक्रिया करणाऱ्या टोकांनी. मोकळं टोकच उरत नाही, म्हणून बेनेडिक्टमधलं कॉपर तसंच राहतं. ॲसिडने तो बंध तुटला आणि दोघं मोकळे झाले. मधे न्यूट्रल करायलाही तू विसरली नाहीस. बेनेडिक्टला अल्कधर्मी माध्यम लागतं आणि पुष्कळ जण तिथेच चुकतात.

हाच बंध तुमच्या भागात दर गळीत हंगामात तुटत असतो. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, की त्यातलं सुक्रोज फुटायला लागतं, रिड्यूसिंग शुगर वाढते आणि उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो. म्हणून कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातलं सुक्रोज), प्युरिटी (शुद्धता) यांच्या जोडीने रिड्यूसिंग शुगरही मोजतात. त्यासाठीचं लेन-आयनॉन टायट्रेशन फेहलिंगच्या द्रावणावर चालतं, तेही बेनेडिक्टसारखं कॉपरचंच; शेवट मिथिलीन ब्लू या सूचकाचा रंग गेल्यावर. तुझ्या टेस्टट्यूबमधलंच रसायन आहे हे. फरक एवढाच, की तू ‘आहे का’ विचारलंस, तिथे ‘किती आहे’ विचारतात.

पगार या ‘किती’ला मिळतो. टेस्टट्यूबमधल्या परीक्षा पाया म्हणून हव्यातच, पण नुसत्या त्यांच्यावर नोकरी नाही. मधात इन्व्हर्ट सिरप (सुक्रोज फोडून केलेला पाक) मिसळलंय का, हे बेनेडिक्ट सांगू शकत नाही; मध स्वतःच मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतो. तिथे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसीसारखी उपकरणं लागतात. म्हणून एम.एस्सी.ला सगळे ऑरगॅनिक घेतात म्हणून तूही घेऊ नकोस. ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा, म्हणजे कशात काय आणि किती आहे ते मोजणाऱ्या शाखेचा, विचार कर. पुढे अन्न तपासणीचा किमान तीन वर्षांचा अनुभव झाला, की एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फूड ॲनालिस्टची परीक्षा देता येते. हे पद जबाबदारीचं आहे आणि तुझ्या स्वभावाला शोभेल. साखरेतच राहायचं असेल, तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. कुठल्या अभ्यासक्रमाला तुझी पदवी चालते, ते त्यांच्या माहितीपत्रकात नीट पाहा. खाद्यपदार्थांकडे ओढा असेल, तर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचाही विचार कर.

डीएमएलटी वाईट नाही. पण तुझ्या पत्रात पेशंटबद्दल एक शब्दही नाही आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर आता बहुतेक ठिकाणी मशीनच मोजतं. नुसत्या नोकरीच्या घाईने तिकडे जाऊ नकोस.

आधी एक कर. हंगाम सुरू झाला की जवळच्या कारखान्याच्या चीफ केमिस्टना भेट आणि सुट्टीत काही दिवस लॅबमध्ये बसू देण्याची विनंती कर. कॉलेजचं पत्र सोबत ने. रात्रपाळी कशी असते, हंगाम संपल्यावर किती जणांना काम राहतं, मुली लॅबमध्ये आहेत का, हे तिथल्याच माणसांना स्पष्ट विचार. शक्य असेल तर वडिलांनाही बरोबर ने, म्हणजे घरातली चर्चा ऐकीव गोष्टींवर होणार नाही.