पटाशीचे गाव आणि पुढची पिढी

प्रश्न : फिलिपिन्समधील पाएते हे गाव लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असल्याचे वाचले. तेथील कौटुंबिक व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला?

उत्तर : लागुना प्रांतातील, सरोवराच्या काठी वसलेल्या या गावाचे नावच तागालोग भाषेतील ‘पाएत’ म्हणजे पटाशी या शब्दावरून आले आहे. स्पॅनिश काळात चर्चसाठी संतांच्या मूर्ती घडवण्याचे काम येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि ते घराघरांत मुरले. मुलगा आधी पॉलिश-कागद घासतो, मग कपड्यांच्या चुण्या कोरतो. चेहरा आणि हात मात्र बहुधा वडीलधाऱ्यांकडेच राहतात, कारण मूर्तीची किंमत तेथेच ठरते. त्वचेचा रंग चढवणे ही तर स्वतंत्र कारागिरी आहे. मऊ, पिवळसर आणि सहसा कीड न लागणारे बातिकुलिंग हे त्यांचे आवडते लाकूड.

खरी अडचण वारसांपेक्षा लाकडाची आहे, असे मला वाटते. 2011 साली नैसर्गिक जंगलांतील वृक्षतोडीवर सरकारने बंदी आणली. जंगलांसाठी ती आवश्यकच होती, पण लहान कार्यशाळांना कायदेशीर लाकूड मिळवणे कठीण झाले. 2005 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने पाएतेला देशाची कोरीवकामाची राजधानी म्हटले गेले, तरी किताबाने लाकूड मिळत नाही. म्हणून काही घरांनी लाकडी साच्यावर कागद चिकटवून बनणाऱ्या ‘ताका’ बाहुल्यांचे काम जोडीला ठेवले आहे, आणि त्यातला साचा कोरायला पुन्हा पटाशीच लागते.